रात्रपाळीचा नाताळ

आत्याच्या नोकरीतले बहुतेक चोवीस डिसेंबर वॉर्डात गेले. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात ती नर्सिंग शिकली, मग नगरच्या एका मिशन दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. तिने लग्न केलं नाही. लेकरंबाळं असलेल्या सिस्टरांना नाताळच्या रात्री घरी राहता यावं म्हणून ती रात्रपाळी मागून घ्यायची. आमच्याकडे नाताळ उजाडायचा तो पंचवीस तारखेला सकाळी, आत्या फाटकातून आत आली की. पांढऱ्या साडीवर निळा स्वेटर, डोळे तारवटलेले, पाय सुजलेले. चपला काढून ती स्वयंपाकघरात पाटावर बसायची, चहाचा पेला दोन्ही हातांत धरायची आणि आम्हा भावंडांना रात्रीची हकिकत सांगायची. किती बाळं झाली, कुठली बाई कुठल्या गावाहून बैलगाडीतून आली, कोणाच्या बाळाने रडायला वेळ लावला. बेथलेहेमची गोष्ट आम्ही त्यानंतर चर्चमध्ये ऐकायचो. पाळकसाहेब गोठ्यातल्या बाळाविषयी बोलू लागले की माझ्या डोळ्यांपुढे आत्याचा वॉर्ड यायचा.

आता माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मुलगी सहाची. नाताळात आम्ही घरी मुलांबरोबर जे जे करतो त्यातलं जवळजवळ काहीच माझं नाही. बरंचसं आत्याचं आहे, काही नगरच्या शेजारच्या काकूंचं आहे, आणि एक मोठा वाटा एका म्हाताऱ्या धनगराचा आहे, ज्याचं नावही मी कधी विचारलं नाही. माझ्या अकरावी-बारावीची फी आत्याने भरली. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि वडिलांच्या वहीत त्याची नोंद आहे. या दुसऱ्या देण्याची नोंद कुठेच नाही, म्हणून लिहायला बसले.

नगरला आता अहिल्यानगर म्हणतात, पण आत्याच्या तोंडी ते नगर होतं, माझ्याही तोंडी तेच बसलं आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ साली सुरू झालं. 'ज्ञानोदय' हे मिशनचं पत्र १८४२ साली तिथूनच निघालं; पुढे ना. वा. टिळक त्याच्या मराठी भागाचे संपादक होते, आणि माझ्या लहानपणी ते पत्र आमच्या घरी येत असे. या मिशनऱ्यांना पाठवणारं मंडळ बोस्टनचं. त्या मुलखातल्या प्युरिटन मंडळींनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला दंड बसवला होता. तो कायदा १६८१ साली मागे घेतला गेला, तरी मॅसॅच्युसेट्समध्ये पंचवीस डिसेंबरची सुट्टी कायद्याने मिळाली ती १८५६ साली. तोवर नगरचं मिशन पंचवीस वर्षांचं झालं होतं. हे मी वाचलं तेव्हा आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. ज्यांच्या स्वतःच्या गावी नाताळाचं फारसं कौतुक नव्हतं, ते आमच्या पणज्यांना सणाची काय रीत शिकवणार? मला तरी वाटतं की आमच्या बायकांनी नाताळ घरात होतं त्यातूनच उभा केला. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे; दारात रांगोळी; आणि टिळकांची पदं भजनी चालीत, पेटी-ढोलकी-टाळांवर. मुलांसाठी काहीतरी नवं शोधून काढायला हवं या विचाराने हल्लीच्या आया दमून जातात. माझ्यावर ती वेळ आली नाही, कारण मला हे सगळं तयार मिळालं होतं.

आत्याचा गोठा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मांडायला घेतला जायचा. त्यातला बैल पोळ्याचा असायचा. कुंभाराकडचे मातीचे बैल काकूंच्या घरी पुजले जात आणि पोळा झाला की त्यातला एक आत्याकडे येई. गवळण, म्हातारा, मेंढ्या ही मंडळी दिवाळीच्या किल्ल्यावरून उतरून आलेली. आम्ही काकूंच्या मुलांबरोबर किल्ला करायचो, आणि किल्ला मोडला की चित्रांची वाटणी व्हायची. मावळे त्यांचे, मेंढ्या आमच्या. एका वर्षी मेंढ्या कमी पडल्या तेव्हा काकूंच्या धाकट्याने वाघ देऊ केला होता. आत्याने तोही मांडला, जरा लांब, डोंगरावर.

खरं म्हणजे येशूजन्माच्या मूळ गोष्टीत बैल किंवा गाढव कुठेच नाही. बैलाला आपला धनी ओळखता येतो आणि गाढवाला धन्याची गव्हाणी, असं यशयाच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात आहे, तिथून ती जोडी गोठ्यात आली. १२२३ साली असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री खरा बैल आणि खरं गाढव उभं करून गोठा मांडला होता. आत्याला हे माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. तिचं म्हणणं इतकंच की लेकरांच्या हाताला काम हवं. तेरा-चौदा तारखेला ती आम्हाला परातीत माती घालून गहू पेरायला लावायची, काकूंच्या घरी घटाला पेरतात तसाच. नगरची थंडी कडक, त्यामुळे कोंब यायला वेळ लागे. आम्ही परात दिवसा उन्हाला न्यायची आणि संध्याकाळी आत आणायची. पाणी शिंपडायचं ते हाताने, तांब्याने ओतायचं नाही. नाताळपर्यंत वीतभर हिरवं रान व्हायचं आणि त्यात मेंढ्या पोटापर्यंत बुडायच्या. माझी मुलगी तीन वर्षांची होती तेव्हापासून आमच्या पुण्याच्या गॅलरीतली परात तिच्या ताब्यात आहे. तीन वर्षांच्या मुलाला हे काम पूर्ण जमतं, हे मी पाहिलं आहे. दिवस मोजणं त्या वयात कळत नाही, पण गहू किती वर आला ते कळतं.

दिवस मोजण्याची हौस सगळ्याच मुलांना असते. हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या मोठ्या चार, बाकी दिवसांच्या लहान. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांची रीत जगभर गेली ती तिथून. आमच्याकडे त्या जागी दिवाळीच्या चार पणत्या असतात. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही.

आत्याच्या डोक्यातून निघालेली सगळ्यात नामी गोष्ट म्हणजे काड्यांची. बाळ येशूची मूर्ती चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही, आणि तोवर मुलांनी एकेका चांगल्या कामासाठी एकेक गवताची काडी तिच्यात घालायची म्हणजे बाळाला अंथरूण मऊ होतं, ही रीत पुष्कळ ख्रिस्ती घरांत आहे. आत्याने त्यात एक बदल केला. स्वतःच्या कामाची काडी स्वतः घालायची नाही. दुसऱ्या कोणी केलेलं पाहिलं तर त्याच्या नावाने घालायची, आणि घालताना काय पाहिलं ते मोठ्याने सांगायचं. "आपलं आपण कशाला मोजायचं? डोळे उघडे ठेवा," म्हणायची. आम्ही भावंडं एरवी एकमेकांच्या चुगल्या सांगण्यात तरबेज. डिसेंबरात मात्र चांगल्या चुगल्या शोधत फिरायचो. शाळेतून येताना नजर रस्त्यावर असायची. कोणी कोणाची सायकल ढकलून दिली, कोणत्या दुकानदाराने सुटे नसताना वस्तू तशीच दिली. आईने रात्री उठून भावाला पाणी दिलं, हे वडिलांनी पाहिलं आणि त्यांनीही काडी घातली.

माझ्या मुलांच्या गव्हाणीत गेल्या वर्षी पहिली काडी पडली ती पीएमपीच्या एका कंडक्टरच्या नावाने. एक आजीबाई पिशव्या सावरत येत होत्या, बस सुटत होती आणि त्याने बेल मारून गाडी थांबवून धरली. मुलगा हे सांगत होता तेव्हा बहिणीने विचारलं, "त्यांना माहितीये का आपण काडी घातली?" त्यांना माहीत नाही म्हटल्यावर तिला फारच आनंद झाला. त्यानंतर तिने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांसाठी घातली, बाईंसाठी घातली, भावाने तिचा बूट शोधून दिला त्यासाठी घातली. दादाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. कोणी आपलं चांगलं पाहिलं आणि चारचौघांत बोलून दाखवलं, की मुलं कशी ताठ होतात! हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. आत्याने ते कुठून आणलं, तेही मला सांगता येणार नाही. वॉर्डातल्या बायकांना धीर देता देता तिला सापडलं असावं.

सांताक्लॉज आमच्या लहानपणी नगरच्या बाजारात फारसा दिसत नसे. आत्या त्याच्या जागी निकोलसची गोष्ट सांगायची. चौथ्या शतकातला मायरा शहराचा बिशप; ते ठिकाण आज तुर्कस्तानात येतं. एका गरीब बापाला तीन मुली, हुंड्याला पैसा नाही, मुली विकायची पाळी आलेली. निकोलसने रात्री गुपचूप त्यांच्या घरात पैशाच्या थैल्या टाकल्या, अशी कथा आहे. हुंडा हा शब्द आत्या फार सावकाश उच्चारायची. आम्हाला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. तिला मात्र तिसरीही मुलगीच झाली म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाया रोज दिसत होत्या. त्या गोष्टीवरून आमच्याकडे 'गुपचूप' सुरू झालं. सहा डिसेंबर हा निकोलसचा दिवस. तेव्हापासून नाताळपर्यंत प्रत्येकाने कोणासाठी तरी एक काम असं करायचं की त्याला कर्ता कळता कामा नये. माझ्या मुलीच्या पोटात काही राहत नाही. तिने आजोबांचा चष्मा पुसून ठेवला आणि लगेच त्यांच्या कानात जाऊन सांगितलं. आजोबांनी "कोणी पुसला बरं?" असं सगळ्या घराला विचारून तिचं गुपित राखलं. त्या दोघांचं ते चालू असताना मला आत्या नाही याचं फार वाईट वाटलं. ती गेली तेव्हा मुलीचा जन्म झाला नव्हता.

आता धनगराविषयी. त्याच्यापर्यंत यायला मी मुद्दाम वेळ घेतला, कारण आत्याने दिलेल्या सगळ्या गोष्टींत ही मला सगळ्यात मोठी वाटते.

पारनेरकडचे धनगर पाऊस सरला की मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी बाहेर पडतात. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, मागून कुत्री. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या मोकळ्या रानात बसवून घेतात. रात्रभर कळप रानात राहिला की लेंड्यांनी आणि मुताने जमीन खतावते, आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. आमच्या घरामागे तेव्हा शेतंच होती. बाजरी निघून गेलेली, कांद्याच्या लागणीआधी रान रिकामं असायचं. डिसेंबरात कुठल्या ना कुठल्या रानात मेंढरं बसलेली असत. रात्री कुत्र्यांचा आवाज यायचा आणि अंधारात शेकोटीचा ठिपका दिसायचा.

मी सात-आठ वर्षांची असेन. नाताळला दोन-तीन दिवस होते आणि आत्याची त्या रात्री सुट्टी होती. तिने थर्मासमध्ये चहा भरला, डब्यात करंज्या आणि चकल्या घेतल्या, आम्हाला मफलर गुंडाळले आणि म्हणाली, "चला, मेंढपाळांना भेटून येऊ." आम्ही शब्बाथशाळेच्या नाटकात मेंढपाळ व्हायचो ते डोक्याला टॉवेल बांधून. खरा मेंढपाळ दोन शेतं ओलांडून बसलेला आहे, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जाळीच्या कुंपणात मेंढरं दाटीने बसली होती. सगळी काळी, त्यामुळे अंधारात त्यांचे डोळे तेवढे कंदिलाच्या उजेडात चमकायचे. म्हातारा धनगर शेकोटीपाशी घोंगडी पांघरून उकिडवा बसला होता. आत्या त्याच्यासमोर मातीतच बसली. चहा त्याला दिला, त्याच्या घरच्या बाईला दिला, मग स्वतःला ओतून घेतला. त्याने करंजी हातात घेऊन सगळीकडून पाहिली आणि विचारलं, "दिवाळी तर झाली की, बाई?"

"आमची आता आहे, बाबा," आत्या म्हणाली.

त्याला एवढं पुरलं. मग ती दोघं कामाचं बोलू लागली. कोणती मेंढी व्यायला झाली आहे, आडवं आलं तर काय करतात, पिल्लू थंडीने गारठलं तर कसं शेकतात. आत्या एकेक गोष्ट खोदून खोदून विचारत होती, आणि तिच्याही वॉर्डातलं सांगत होती. म्हातारा मान डोलवत होता. दोघांचा धंदा एकच आहे असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं. भावाने विचारलं, "बाबा, तुम्ही झोपता कधी?"

"रातीचं कोण निजतंय, पोरा? येक डोळा मिटायचा, येक उघडा ठिवायचा. लांडगं येत्यात."

मग तो उठून आत गेला आणि घोंगडीच्या घडीत काहीतरी घेऊन आला. त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू होतं. त्याने ते माझ्या मांडीवर ठेवलं. अंग काळं, लोकर ओलसर आणि कुरळी, पोटाखाली वाळत चाललेली नाळ. सगळ्यात नवल मला खुरांचं वाटलं. मी त्यावर बोट ठेवलं तर ते मऊ होते, भिजलेल्या साबणासारखे. "भुईवर चाललं की घट होत्यात," तो म्हणाला. कोकरू थरथरत होतं आणि त्याचं काळीज माझ्या तळहाताला लागत होतं. घोंगडीला मेंढराचा, धुराचा उग्र वास होता. निघताना त्याच्या घरच्या बाईने पितळीतून मेंढीचं दूध दिलं. आत्या ते घोटभर स्वतः प्याली, मग तिने आम्हाला पाजलं. दिलं आणि निघालं, असं तिने कधी केलं नाही. कोणाकडे जायचं तर बसायचं, त्याचंही काही घ्यायचं.

परत येताना बांधावर थांबून आत्या म्हणाली, "देवदूत राजवाड्यात का गेला नाही, सांगा बघू?" आम्ही शब्बाथशाळेतली उत्तरं दिली. ती म्हणाली, "राजा झोपला होता. बातमी जाग्या माणसाला सांगतात. ते बिचारे रात्रपाळीवाले होते."

लूकच्या शुभवर्तमानातला तो भाग मी नंतर कितीतरी वेळा वाचला आहे. मेंढपाळ रात्री रानात राहून कळप राखत होते असं तिथे साधंच लिहिलं आहे. पण मला ते वाचताना आत्याचा निळा स्वेटर आणि म्हाताऱ्याचा एक उघडा डोळा दिसतो. नाताळच्या रात्री ती घरी का नसायची, याचं मला लहानपणी वाईट वाटायचं. त्या रात्रीनंतर वाटेनासं झालं. ती असायला हवी तिथेच होती.

पुण्याला आमच्या इमारतीभोवती शेतं उरलेली नाहीत. मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "मेंढपाळ कुठून आणायचे?" तो म्हणाला, "रात्री जागणारे कोण आहेत ते बघ." तेव्हापासून चोवीस तारखेला, संध्याकाळच्या उपासनेनंतर, आम्ही थर्मास आणि फराळाचे डबे घेऊन बाहेर पडतो. इमारतीचे वॉचमन आधी. मग बँकेच्या एटीएमबाहेर खुर्चीत बसलेले काका. पेट्रोल पंपावरची मुलं. कोपऱ्यावर उभी असणारी १०८ची गाडी. शेवटी जवळच्या दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या सिस्टर. तिथे मुलं आत जात नाहीत, सिस्टरच दोन मिनिटं बाहेर येतात. मी मुलांना एवढंच सांगितलं आहे की डबा हातात ठेवून पळायचं नाही. बसायचं आणि विचारायचं.

मुलांचे प्रश्न सरळ असतात आणि माणसं त्यांना सरळ उत्तरं देतात. गेल्या वर्षी १०८च्या ड्रायव्हरदादांना मुलीने विचारलं, "तुम्ही कधी झोपता?" ते म्हणाले, "कॉल नसला की इथेच टेकतो. पण फोन कानाजवळ." मग त्यांनी सांगितलं की परवाच गाडीत एक बाळ झालं, दवाखाना गाठेपर्यंत थांबलंच नाही, सोबतच्या डॉक्टरांनी नाळ कापली. "मुलगी झाली," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात असा काही आनंद होता की मला रडू आलं. मुलांनी मात्र पुढचे प्रश्न सुरू केले: तेव्हा भोंगा चालू होता की बंद? बाळ भोंग्याला घाबरलं का? घरी येताच दोघांनी त्यांच्या नावाने एकेक काडी घातली, आणि मग बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं. मूर्ती कोणी ठेवायची यावरून दरवर्षी भांडण होतं. तेही आता रीतीतच धरलं आहे.

फराळाचं म्हणाल तर माझी जाऊ वसईची, तिने आम्हाला कुलकुल करायला शिकवलं. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबायची आणि गुंडाळत न्यायची. हे काम लहान बोटांना मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. करंज्या माझ्या आईच्या. अनारसे मात्र काकूंचे.

भाऊ झाला ते साल आमच्या घरात अडचणीचं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला तो जन्मला, आई अंथरुणाला खिळलेली, आत्या दवाखाना आणि घर दोन्हीकडे धावणारी. काकू एका सकाळी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "यंदा नाताळचा फराळ माझ्या घरी. पोरांना पाठवून द्या हाताखाली." त्यांच्या देवघराशेजारच्या ओट्यावर आमच्या नाताळचे तांदूळ भिजले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग उपसून पंचावर सावलीत पसरायचे, दमट असतानाच कुटून चाळायचे, गूळ मिसळून गोळे डब्यात मुरायला ठेवायचे. थापण्याचं आणि तळण्याचं काकू करत. खसखस पसरणं आमच्याकडे. खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. कधी तो तुपात फुटून पसरला की काकू म्हणत, "हसला बघा मेला." आम्हीही हसायचो आणि हसलेले अनारसे आमच्या पानात यायचे. त्या वर्षी काकूंनी आमच्या पै-पाहुण्यांना पुरेल इतका फराळ करून दिला, आणि आत्याने डबे परत करताना प्रत्येकात काही ना काही घातलं. रिकामा डबा या दोन घरांमध्ये माझ्या आठवणीत कधी गेलेला नाही.

गेल्या वर्षी फेरीवरून घरी येताना मुलाने विचारलं, "आत्याआजीला रात्री चहा कोण नेऊन द्यायचं?" मला ते माहीत नव्हतं. सव्वीस तारखेला आम्ही नगरला गेलो तेव्हा त्याने तोच प्रश्न काकूंना विचारला. काकू आता फार थकल्या आहेत, ऐकायला कमी येतं; त्याने कानाशी जाऊन पुन्हा विचारलं.

"आमचा थोरला न्यायचा की सायकलवरून," काकू म्हणाल्या. "चहा, आणि थालीपीठ नाहीतर धपाटे. चोवीस तारखेला तर हमखास. तुझी आत्याआजी एकटी खायची नाही, वॉर्डातल्या आयांना वाटून टाकायची, म्हणून मी जास्तच द्यायची."

आमच्या घरातून आम्ही फक्त धनगराकडे गेलेला डबा पाहिला होता. आत्याकडे जाणारा डबा शेजारच्या घरातून निघत होता आणि त्याची कोणी वाच्यता केली नव्हती. आत्यानेही नाही. गुपचूपाचा नियम तिने काकूंसाठीही पाळला असणार.

मुलीने आपला अनारशांचा डबा काकूंच्या मांडीवर ठेवला. काकूंनी एक मोडून उजेडाकडे धरला, जाळी पाहिली, तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळला.

"खसखस कोणी लावली?"

"मी," मुलगी म्हणाली.

"ती चांगली लागलीये. गूळ जास्त पडलाय तुझ्या आईचा, म्हणून मऊ पडले. आणि तांदूळ नवा वापरलात, जुना घ्यायचा. पुढच्या वर्षी भिजत घालायच्या दिवशी मला फोन कर, पहिल्यापासून सांगते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि त्या गाडीवरच्या माणसाला नुसत्या चकल्या काय देतेस गं? रात्रभर बसायचं असतं त्याला. धपाटे दे."